नमुना अडतीस

खडकेवाडीची पांदण नमुन्यात बसली नाही, म्हणून सोमवारी सकाळी साडेदहा वाजता ती भू-माहिती मानक कक्षात येऊन बाकावर बसली.

कडलग बाई तेव्हा डबा टेबलाखाली ठेवत होत्या. त्यांनी बाकाकडे पाहिले, सुस्कारा टाकला आणि आवक नोंदवही उघडली. जी वस्तू नमुन्यात बसत नाही तिने कार्यालयात समक्ष येऊन बसायचे, हा नियम जुनाच होता. मागच्या पंधरवड्यात एक दगडी रचना दोन दिवस बसून गेली होती. ती बांध की भिंत एवढाच प्रश्न होता. तो सुटला आणि ती संध्याकाळच्या एसटीने परत गेली. कडलग बाईंचे नवल वाटण्याचे दिवस केव्हाच सरले होते. नवल वाटायलाही अंगात थोडे त्राण लागते.

पांदण म्हणजे दोन बाजूंच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट. ही बारा फूट रुंद आणि सव्वा किलोमीटर लांब होती, आणि बाकावर मावावे म्हणून तिने स्वतःला सतरंजीसारखे गुंडाळून घेतले होते. कडेची घाणेरी आणि निवडुंग तिने आतल्या बाजूला घेतला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला टोचायला नको. कोजागिरी होऊन गेली होती, तरी तिच्यात अजून ओल होती आणि फरशीवर गढूळ पाणी उतरत होते.

"नाव?" बाईंनी विचारले.

"पांदण. खडकेवाडीची. बाई, जरा पानी सांडतंय, मी पुसून घेते मंग."

"राहू द्या. प्रकार काय लिहू? रस्ता का ओढा?"

"आत्ता का?"

बाईंनी पेन खाली ठेवले. इतक्या वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळले की हे प्रकरण संध्याकाळच्या एसटीने परत जाणारे नाही.

"असं बघा," पांदण म्हणाली, "मिरगापास्नं हस्तापत्तुर मी ओढा असते. वरल्या डोंगराचं समदं पानी माझ्यातनंच जातं. म्होरं चित्रा लागल्या की वाळायला लागते. एकदा वाळले की गाड्या, गुरं, मानसं, समदी माझ्यावरनंच. आज्यापंज्यापास्नं असंच हाय. कुनाला काई आडचन न्हाई."

अडचण कशी झाली ते बाईंनी फाइल काढून पाहिले. गेल्या वर्षी खडकेवाडीत दोनदा पाहणी झाली होती. पहिला पाहणीदार श्रावणात गेला. त्याच्याकडे रस्त्यांचा तक्ता होता. त्याने गावकऱ्यांना विचारले, इथून रस्ता आहे का? गावकरी म्हणाले, आत्ता न्हाई. तक्त्यात 'होय' आणि 'नाही' एवढे दोनच रकाने होते, तेव्हा त्याने 'नाही' लिहिले. दुसरा पौषात गेला. त्याच्याकडे ओढ्यांचा तक्ता होता. त्याने विचारले, इथे ओढा आहे का? गावकरी म्हणाले, आत्ता न्हाई. त्यानेही 'नाही' लिहिले. दोघेही प्रामाणिक माणसे होती. 'आत्ता' हा शब्द कुठे लिहायचा, ते त्यांना कोणी सांगितले नव्हते.

रस्ताही नाही आणि ओढाही नाही असे दोन्ही तक्त्यांनी म्हटल्यावर पांदणीला तिथे पडून राहायचे काही कारण उरले नाही. रविवारी माहिती जुळवणी पूर्ण झाली. सोमवारी पहाटे ती उठली आणि चालत चौदा किलोमीटर तालुक्याला आली. ती स्वतःच वाट असल्यामुळे तिला कोणाला वाट विचारावी लागली नाही.

*

तिच्या मागोमाग अकराच्या सुमाराला सोपान गायकर आला. चाळिशीचा, शर्टाच्या खिशात औषधाची पुडी. आल्या आल्या त्याने बाकावरची पांदण ओळखली आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"बाई, ही आमची हाय," तो म्हणाला. "हिच्या पल्ल्याड टोकाला आमची गायकरवस्ती. आठ घरं. मी काल भनीकडं गेल्तो, तिथंच मुक्काम पडला. सकाळी माघारी येतोय तं जायाला जागाच न्हाई."

"शेतातून जायचं."

"गेलो की. ढोबळ्याचं शेत सरळ जाधवाच्या शेताला लागलंय. मधी फट न्हाई. बांधाबांधानं पाच डाव गेलो, पाची डाव पलीकडच्या पिंपरीत निघालो. वस्ती मधीच ऱ्हायली. पत्रे दिसत्यात, पोचता येत न्हाई."

कडलग बाईंनी ते जसेच्या तसे नोंदवून घेतले. तेवढ्यात सोपानचा फोन वाजला. वस्तीवरून त्याची बायको सगुणा बोलत होती. तिचा आवाज सगळ्या कक्षात ऐकू येईल असा होता.

"कुठं हाय?"

"हापिसात. पांदणीपाशी."

"जेवलात का? बरं ऐका. म्हशीनं दूध दिलंय, पर डेरीला न्यायाचं कुठनं? मी आपलं इरजान लावते. आन् आत्याबाईच्या बीपीच्या गोळ्या घेतल्यात न्हवं? हितल्या शुक्रवारपत्तुर पुरतील."

सोपानने खिशावरून हात फिरवला. "घेतल्यात. आयला सांग, खिशातच हायेत."

कडलग बाईंनी मान खाली घातली आणि उगाचच कागद सारखे केले. पत्रे दिसताहेत, गोळ्या खिशात आहेत, आणि पोहोचायला जागा नाही. त्यांना मनापासून वाईट वाटले. वाईट वाटण्याची सवय अजून गेली नव्हती, ती जाईल असे त्यांना अकरा वर्षांपूर्वी वाटले होते.

*

उपसंचालक खासनीस साहेबांनी फाइल शेवटपर्यंत वाचली. ते दुष्ट माणूस नव्हते. त्यांना फक्त झोप कमी मिळत असे.

"कडलग बाई, जगात वस्तू किती? लाखो. आणि आपले नमुने किती?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीसच! आणि सगळं जग त्यात बसतं. ही काही साधी गोष्ट नाही. प्रत्येक वस्तूसाठी नवा नमुना करत बसलो तर ती माहिती राहत नाही, भंगाराचं दुकान होतं. म्हणून पुनर्वापर. एकदा नीट केलेला नमुना पुन्हा पुन्हा वापरायचा. घरी चकल्या करता ना? सोऱ्या एकच असतो. चकलीला वेगळा आकार हवा म्हणून कोणी सोऱ्या बदलत नाही."

"या चकलीला दोन आकार आहेत, साहेब."

"एक वस्तू, एक नमुना. कलम चार." साहेबांनी डोळे चोळले. "शुक्रवारी साडेपाचला दुसरी आवृत्ती गोठणार. त्यानंतर तीन वर्षं स्वल्पविरामही हलणार नाही. तोपर्यंत बाकावर जे कोणी असेल ते 'इतर'मध्ये जाईल."

'इतर' ही खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. तपकिरी दार, बाहेरून कडी, आणि किल्ली तांबोळीमामांच्या कमरेला. तांबोळीमामा कक्षाचे शिपाई, निवृत्तीनंतरही हंगामी म्हणून येत. ते दारापर्यंत जात, वस्तू आत सोडत आणि कडी लावत. आत गेलेले काही बाहेर आल्याचे त्यांना आठवत नव्हते. एक आठवडे बाजार आत होता, कारण तो फक्त गुरुवारी जागा असे आणि बाकी सहा दिवस नुसते मैदान. एक सीमा आत होती, जी दोन्ही गावांना मान्य होती पण जिच्यावर दगड नव्हता. आणि झापाचा कडा आत होता.

झापाचा कडा कडलग बाईंनीच आत पाठवला होता. त्यांचे इथले पहिलेच वर्ष होते. देशावरून पाहिले तर तो सपाट माळ आणि कोकणातून पाहिले तर उभा डोंगर. तीन दिवस तो याच बाकावर बसला होता, शांतपणे, कोणाला त्रास न देता. तिसऱ्या दिवशी सव्वापाचला बाईंनी त्याच्यापुढे 'इतर' असे लिहिले. त्या दिवशी त्यांना घरी जायची घाई होती. दुसरे काही कारण नव्हते. पुढे महिनाभर त्या व्हरांड्याच्या त्या टोकाला गेल्या नाहीत, आणि नंतर तीच सवय पडली.

*

मंगळवारी त्यांनी पांदणीला नमुना बारामध्ये घालून पाहिले. नमुना बारा म्हणजे रस्ता. 'बारमाही' या रकान्यात 'नाही' लिहिले, म्हणजे हंगामी रस्ता. शाई वाळायच्या आत पांदण खडखडीत कोरडी झाली, आणि तिच्यातले पाणी, त्याला आता कुठलीच नोंद नसल्यामुळे, बाकावरून उतरून आस्थापना शाखेत शिरले. तिथल्या लोकांनी पाय खुर्च्यांवर घेतले आणि लेखी तक्रार केली. बाईंनी नोंद खोडली.

मग त्यांनी नमुना एकोणीस लावून पाहिला. तो ओढ्याचा. पाणी परत आले, पण पांदणीच्या अंगावरच्या चाकोऱ्या एकेक करून बुजू लागल्या. बैलगाड्यांनी शेसव्वाशे वर्षांत पाडलेल्या त्या दोन रेघा होत्या.

"बाई, ह्ये नगा करू," पांदण हळूच म्हणाली. "त्या गेल्या तं मला कोन वळखंल?"

बाईंनी तीही नोंद खोडली आणि स्वतःच ओल्या फडक्याने शाई पुसली.

बुधवारी नमुना सव्वीस. गाळपेर जमीन, म्हणजे धरणाचे पाणी हटले की वर येते आणि पेरता येते ती. पाणीही आणि जमीनही, एकाच नमुन्यात! बाईंना क्षणभर बरे वाटले. पण गाळपेर जमीन दरवर्षी कोणाला तरी पेरायला द्यावी लागते, आणि नोंद करून अर्धा तास झाला नाही तोच पिंपरीचा एक गृहस्थ अर्ज घेऊन हजर झाला. त्याला पांदणीत हरभरा करायचा होता. त्याचा अर्ज सगळ्या नियमांत बसत होता. त्याला परत पाठवायला दुपारचे चार वाजले.

सोपान व्हरांड्यात झोपत होता आणि तांबोळीमामांच्या डब्यातली अर्धी भाकरी खात होता. सगुणाचा फोन रोज येई. मंगळवारी दह्याने गाडगी भरली होती. बुधवारी तिने ताक केले, लोणी काढले, शेजारच्या सात घरांनीही तेच केले होते, त्यामुळे कोणी कोणाला ताक देऊ शकत नव्हते.

"आय कशी हाय?" सोपानने विचारले.

"बरी हाय. गोळी आर्धी करून घेती. म्हनती, सोपाना येईपत्तुर पुरवते."

"आर्धी नगं म्हनाव! पुरी घे म्हनाव!" सोपान ओरडला, आणि मग कक्षात आपण ओरडलो म्हणून ओशाळला. "माफ करा, बाई."

"असू द्या," बाई म्हणाल्या. संध्याकाळी त्या एक्केचाळीस नमुन्यांचे बाड पिशवीत घालून घरी घेऊन गेल्या. स्टँडमागची एक खोली हे त्यांचे घर. नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती, मुलगा हैदराबादला होता आणि रविवारी फोन करत असे. भाताला कुकर लावून त्या बाड वाचत बसल्या. शिट्ट्या किती झाल्या ते त्यांनी मोजले नाही, आणि भात खाली लागला.

*

गुरुवारी दुपारी तांबोळीमामा एक छापील अर्ज घेऊन आले.

"मॅडम, तुमचा मुदतवाढीचा अर्ज. दरसाल मीच आठवण करायची का?"

कडलग बाई या कक्षाच्या नव्हत्याच. त्या दुसऱ्या खात्यातून दोन वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर आल्या होत्या, म्हणजे पद तिकडे आणि काम इकडे, आणि त्या दोन वर्षांना आता अकरा झाली होती. बढतीची यादी लागली की मूळ खाते म्हणे, त्या तिकडच्या. आणि हा कक्ष म्हणे, त्या तिकडच्या. दिवाळीच्या मिठाईचे पुडेसुद्धा दोन्हीकडे मोजूनच येत आणि दोन्हीकडे एक कमी पडे. पहिली काही वर्षे बाईंनी पत्रे लिहिली. मग त्या दमल्या. सासूबाई हयात असताना म्हणत, तुझ्या हापिसात सगळे नमुनेच भरलेत. बाई मनात म्हणत, त्यातला एक मी.

त्यांनी न बघताच अर्ज भरायला घेतला. नाव. मूळ पद. सध्या.

पेन तिथेच थांबले.

सध्या. हा शब्द त्यांनी दरसाल भरला होता आणि एकदाही वाचला नव्हता. सध्या म्हणजे आत्ता. खडकेवाडीच्या लोकांनी दोन पाहणीदारांना दोनदा सांगितलेला आणि दोन्ही तक्त्यांतून गळून गेलेला शब्द तो हाच. एक्केचाळीस नमुन्यांत 'आत्ता'ला जागा असलेला नमुना एकच होता, आणि त्यात त्या स्वतः बसल्या होत्या.

त्यांनी पिशवीतून बाड काढले. काल रात्री नमुना सदतीसपर्यंत वाचून त्यांना झोप लागली होती. पुढचेच पान अडतीसचे.

नमुना अडतीस. प्रतिनियुक्त घटक. जो घटक मूळचा एके ठिकाणचा असून ठराविक मुदतीसाठी दुसऱ्या ठिकाणी काम करतो, तो. गुणधर्म: मूळ, सध्या, पासून, पर्यंत. संख्या: शून्य किंवा एक.

हा नमुना नकाशांच्या बाडात कसा आला, तर पहिल्या वर्षी तपासणीला आलेल्या मंडळींनी विचारले होते की या कक्षातल्या बाई कोणत्या नमुन्यात बसतात. बसत नव्हत्या, म्हणून घाईने एक करून टाकला. घाईत 'व्यक्ती' लिहायच्या ऐवजी 'घटक' लिहिले गेले. व्याख्येत कुठेही माणूस नव्हता.

बाईंनी शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली. शून्य किंवा एक. मग त्यांनी आपला अर्धा भरलेला अर्ज घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

"मामा, चहा आणा," त्या म्हणाल्या. "दोन कप. एक सोपानरावांना."

*

शुक्रवारी चार वाजता खासनीस साहेबांनी नमुना अडतीस दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

"मूळ, रस्ता. सध्या, ओढा. पासून मृग, पर्यंत हस्त. वा! नवा नमुना नाही, कलम चारचा भंग नाही. शुद्ध पुनर्वापर! बाई, हे प्रस्तावनेत घालायला हवं." मग त्यांची नजर शेवटच्या ओळीवर आली आणि आवाज खाली आला. "संख्या एक."

"हो, साहेब."

"तिथे तुम्ही आहात."

"हो."

"संख्या वाढवायची तर तो बदल झाला. बदल म्हणजे नवी आवृत्ती. तीन वर्षांनी."

"आज शुक्रवार आहे, साहेब. म्हातारीच्या गोळ्या आज संपतात."

साहेब खिडकीकडे पाहू लागले. "मी तुमच्या मूळ खात्याला पत्र लिहितो. त्यांनी तुम्हाला परत घेतलं तर..."

"तुम्ही सहा लिहिलीत. तुमच्या आधीच्या साहेबांनी पाच."

साहेब परत टेबलाशी आले. आपल्या सहीसाठी राखून ठेवलेले हिरव्या शाईचे पेन त्यांनी उगाचच उघडले आणि मिटले. "तुम्ही नीट विचार केलाय ना, बाई?"

"केलाय. दमलेय मी, साहेब. दमलेल्या माणसाला विचार करायला फार वेळ लागत नाही."

बाहेर येऊन त्यांनी पांदणीला नियम समजावून सांगितले. मूळ पद रस्त्याचे राहील, चाकोऱ्यांना धक्का लागणार नाही. चार महिने जलस्रोतांकडे काम करायचे. पाणी जिथून येते तिथून येईल, जिथे जाते तिथे जाईल. मात्र दरवर्षी मुदतवाढीचा अर्ज द्यायचा, मृगाच्या आधी. विसरलात तर पाऊस पडेल, पण ते पाणी तुमचे नसेल.

"इसरायचं कसं, बाई? आभाळच आठवन देतंय," पांदण म्हणाली. मग तिने जरा थांबून विचारले, "पर ती जागा तं तुमची व्हती ना? मंग तुमी कुठं बसशाल?"

"बघू," बाई म्हणाल्या. "तुम्ही उठा आधी. पावणेपाच झाले."

त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'कार्यमुक्त' असे लिहिले आणि आवृत्ती गोठण्याआधी एकदा नीट वाचून घेतले. मग त्याच ओळीत, जिथे अकरा वर्षे त्यांचे नाव होते, तिथे लिहिले: पांदण, खडकेवाडी. मूळ: रस्ता. सध्या या रकान्यापाशी त्यांनी बाकाकडे पाहिले.

"आत्ता?" त्यांनी विचारले.

पांदणीने अंग चाचपून पाहिले. "वाळत आलेय. आत्ता वाटच म्हना."

बाईंनी तसे लिहिले. चाकोऱ्या एकदम ठळक झाल्या. पांदण उठली, निवडुंग सावरला, आणि जिन्यावरून उलगडत खाली उतरली. सोपानही उठला. त्याने बाईंना हात जोडले, मग तांबोळीमामांना जोडले, मग चुकून बाकालाही जोडले.

"निघा, निघा," बाई म्हणाल्या. "पुरी गोळी घ्यायला सांगा."

तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा पांदण त्याच्या पायाखाली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी कडलग बाईंनी टेबल आवरले. डबा पिशवीत घातला. चष्म्याचे घर घेतले. मग त्या बाकावर जाऊन बसल्या. अकरा वर्षांत त्या बाकावर त्या कधी बसल्या नव्हत्या. मधली फळी अजून ओली होती, म्हणून त्या कडेला सरकल्या. पाठ टेकायला बरी होती.

खासनीस साहेब दारात आले, त्यांना पाहिले, आणि परत आत गेले. साडेपाचला संगणकाने आवृत्ती गोठल्याचे कळवले. तांबोळीमामा किल्ली घेऊन आले, पण बाकापाशी नुसतेच उभे राहिले.

"मॅडम, मी म्हणतो, आज किल्ली सापडली नाही असं सांगू का?"

"नियम आहे, मामा. चला. तुमची सहाची बस चुकेल."

व्हरांडा त्यांना वाटला होता त्यापेक्षा लांब निघाला. मामांनी कडी काढली. आत अंधार नव्हता. संध्याकाळचे ऊन होते, कारण झापाच्या कड्यावर ते मावळेपर्यंत असते. बाजार मैदान होऊन पसरला होता. सीमा भिंतीला लागून उभी होती. बाई उंबऱ्यातच अडखळल्या.

"मी..." त्या म्हणाल्या. "मला तुम्ही ओळखलंत का माहीत नाही."

"वळखलं की," कडा म्हणाला. "तुमाला घरी जायाची घाई व्हती."

"हो. चुकलं माझं."

"बसा," कडा म्हणाला, आणि देशाकडच्या बाजूला जरा सरकून त्याने सपाट जागा करून दिली.

मामांनी कडी लावली. ती लावताना त्यांनी नाक ओढल्याचे आतपर्यंत ऐकू आले. बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या. समोर खाली कोकण दिसत होते. त्यांना खूप झोप आली होती, आणि सोमवारी सकाळी साडेदहाला कुठेही पोहोचायचे नव्हते.

रात्री आठच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. आवाज खोलीभर ऐकू आला.

"बाई का? म्या सगुणा, गायकरवस्तीवरनं. ह्ये आत्ताच पोचले. आत्याबाईनं गोळी घेतली, पुरी घेतली. तूप झालंय बाई, लई झालंय, तुमच्यासाठी बरनी भरून ठिवलीया. कुनाच्या हाती धाडू? सध्या कुठं आसता तुमी?"

कडलग बाईंनी आजूबाजूला पाहिले.

"सध्या इथंच," त्या म्हणाल्या, आणि पाय लांब केले.